अहिराणीची अहिराणी

नानांनी सिनेमा कधी सलग दाखवला नाही. दर दोन-तीन मिनिटांनी त्यांचं बोट माउसवर पडायचं, पडद्यावरचा नायक उघड्या तोंडाने थिजायचा, आणि नाना शेजारी बसलेल्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, उजव्या कानाशी वाकून मोठ्याने अहिराणीत सांगायचे, "तो म्हनस, लगीन करसू तं हिनासंगेच!" काकूंनी मान हलवली की नायकाची सुटका व्हायची. अडीच तासांचा सिनेमा नानांकडे चार तासांचा व्हायचा. मी वेळेच्या बाबतीत काटेकोर माणूस. तरीही रविवारची दुपार मी तिथेच घालवायचो.

पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत नानांचं घर आमच्या समोर होतं. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, जाताना लॅपटॉप घेऊन गेला, हा मागे राहिला. त्याच सुमारास घरातल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. नानांनी टीव्ही खाली उतरवला, शोकेसमध्ये सतरा इंची मॉनिटर बसवला, आत टीव्हीचं कार्ड टाकून केबलची वायर जोडली आणि जमिनीवर वूफर ठेवला. बातम्या, भजनं, नातवाच्या बारशाचे फोटो, सीडीवरचे सिनेमे, सगळं त्या एकातूनच. सीपीयूला ते 'डबा' म्हणायचे. माझी बायको साताऱ्याकडची, तेव्हा वसाहतीत नवीन. "रविवारी डबा लावतो, या दोघं," असं नानांनी सांगितलं, तर ही भरल्या वांग्यांचं पातेलं घेऊन गेली. नाना म्हणाले, "ठेवा सूनबाई. असा डबा रोज लावू."

सतरंजीवर शेंगदाणे फोडत दहा-बारा जण बसलेले असायचे. सिनेमा थांबला की कोणीतरी कुरकुरायचंच.

"नाना, चालू द्या ना!"

"पिच्चर काय पळी जाई ऱ्हायना का? हिले हिंदी समजत नही."

नाना नुसतं सांगत नसत, गोष्ट सोयीने बदलतही. काकूंना कोणी मेलेलं आवडायचं नाही. एकदा नायक शेवटी गोळी लागून पडला. नाना म्हणाले, "मरना नही तो. झोपेल शे." पुढच्याच दृश्यात चिता पेटली. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. "मंग झोपेल माणूसले कसाले जाळी ऱ्हायनात?" सतरंजीवरची माणसं लोळली. नानांनी घाईघाईने बातम्या लावल्या.

मग एका रविवारी नानांनी शहाद्याहून विनोदी सिनेमाची सीडी आणली. सिनेमा अस्सल अहिराणी, आमच्या दारात भांडतात तशी माणसं त्यात भांडत होती. सगळे हसत असतानाच चित्र थिजलं आणि नाना सवयीने काकूंच्या कानाशी वाकले. "तो म्हनस, मन्ही म्हैस कोठे शे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, आते अहिराणीनी बी अहिराणी करी ऱ्हायनात का?"

हशा झाला. नानाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. काकू सगळ्यांकडे बघून, सगळे हसताहेत म्हणून, हसत होत्या. अडचण हिंदीची नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी नानांनी मला थांबवलं. "तुन्हा ध्यानमा उनं ना?" मी होय म्हटलं. काकूंचं माहेर धानोऱ्याचं. त्यांच्या आईलाही असंच झालं होतं. "ऐकू येत नही असं कळनं का लोके बोलनं सोडी देतस. नुसत्या खुणा करतस. तिनी माय भरेल घरमा एकटी ऱ्हायनी." आणि काकू तर दर श्रावणात कानबाई देवीच्या गाण्यांना पुढे बसणाऱ्या. त्यांना कोणी मागे बसवेल, ही नानांची धास्ती. कानातलं यंत्र चारचौघांत दिसेल म्हणून काकूंनी घेतलं नव्हतं. "मी शे तोपावत तिले कोनी बहिरी म्हनाले नको," नाना म्हणाले. मी हे बायकोलाही सांगितलं नाही.

पुढे नानांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून आले ते उजवा हात आणि वाचा गमावून. काही आठवड्यांनी मुलगा आला, त्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना बोलावून सिनेमा लावला. सिनेमा सुरू झाला आणि कोणी थांबवेना. इतकी वर्षं आम्ही हेच मागत होतो, आणि आता एकालाही बघवत नव्हतं. काकू एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. नाना डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आवळत होते.

अखेर काकूंनीच हात वर केला. "बंद कर रे भो जरासा." मुलाने थांबवलं. "माले ऐकू येत नही. बरीच वरीसं व्हई गयात. आते यास्ले बोलता येत नही, तं कोनी तरी माले सांगा ना व."

नानांनी डोळे मिटून घेतले.

माझी बायको उठली. इतकी वर्षं इथे राहून तिने अहिराणीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता, लोक हसतील म्हणून. ती काकूंच्या उजवीकडे जाऊन बसली आणि ओरडून म्हणाली, "काकू, तो तिले सांगस आहे, की तू घरले जाऊ नको शे!"

काकूंनी दोनदा "काय?" विचारलं. तिने दोनदा तसंच सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "माय व! हाई अहिराणी ऐकापेक्षा मी बहिरीच बरी!"

खोली हसली. त्या हसण्यात एक घोगरा, वाकडा आवाज होता. झटक्यानंतर नानांच्या तोंडून आम्ही ऐकलेला तो पहिला आवाज. बायकोने पुढचं वाक्य सांगायला सुरुवात केली, तेही चुकीचंच.