शेऱ्याचा रकाना

मातीतून निघणारे वायू मोजायला गेलं की आकडे वहीत जातात आणि बाकीचं सगळं डोक्यात साचत राहतं. माझ्याकडे बरंच साचलंय.

जगाचं तापमान वाढवणारे हे वायू परदेशात पीटच्या, म्हणजे पाला कुजून झालेल्या दलदलीच्या, जंगलांत मोजतात. आमच्याकडे कुठलं पीट! खर्ड्याजवळच्या एका तलावाकाठचं बाभळीचं बन आम्ही निवडलं. तिथं पाल्याचा काळा गाळ घोटाभर. दर मंगळवारी त्यावर डबा पालथा घालायचा आणि सिरिंजनं आतली हवा काढायची. वर्षभर एकही मंगळवार चुकवायचा नाही. चुकला, तर वर्ष वाया.

सोबतीला वनमजूर राऊतमामा.

*

दुसऱ्याच महिन्यात एका मंगळवारी डब्याच्या जागेवर हळदकुंकू आणि नारळ. दर मंगळवारी दोन माणसं येऊन गुडघे टेकतात म्हटल्यावर गावानं तरी काय समजावं? मी चरफडत गाळावरचं हळदकुंकू काढायला लागलो. मामांनी शांतपणे नारळ फोडला.

"खा सायब. नवस आपल्यालाच बोललाय कुनीतरी."

*

डबा ठेवताना आपला श्वास आत जाता कामा नये, नाहीतर नमुना बिघडतो, असं मी एकदा सांगून बसलो. तेव्हापासून मामा श्वास रोखून डबा ठेवतात. एकदा एक म्हैस अगदी खेटून उभी राहिली. मामांना बोलता येईना. लालबुंद चेहऱ्यानं कोपरानं तिला ढकलत राहिले. नंतर वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'म्हैस आली. श्वास सोडला. पुन्हा घेतलं.'

*

माझी बायको, नीला, एकदा धपाटे घेऊन आली. मामांनी तिलाही वीस पावलं लांब उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मीही श्वास रोखलेला. ती तिथूनच म्हणाली, "मामा, हा डबा आमच्या घरी द्या. यांचं व्याख्यान थांबेल!"

धपाटे मात्र तेव्हापासून दर मंगळवारी दोघांचे येऊ लागले.

*

वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे उरले असताना नीला गेली. सोमवारी. मामा आले, स्मशानात शेवटपर्यंत थांबले आणि एसटीनं परत गेले. मंगळवार कधी उजाडला, मला कळलं नाही.

दहावं उरकून तलावावर गेलो. वर्ष वाया गेलं, हे मनाशी मान्य केलं होतं. वही उघडली. दोन्ही मंगळवारचे नमुने घेतलेले होते.

पहिल्याच्या शेऱ्यात मामांचं अक्षर : 'रडू आलं. श्वास सुटला. पुन्हा घेतलं.'

त्याखाली : 'पुन्हा सुटला. पुन्हा घेतलं.'