चादरीखालची मावशी

"ही संपली की झोपते," असं म्हणत ती सिगरेट अंगठ्याच्या नखावर ठोकायची. सिगरेट संपायची, झोप यायची नाही. मग दुसरी.

तुम्ही तिला पाहिलं आहे. मालिकेत कोणी मेलं की पांढऱ्या चादरीखाली एक देह असतो ना, तो पुष्कळदा हिचा. मुंबईतल्या मढच्या एका बंगल्यात आमचं शूटिंग चालायचं. मी संवाद दुरुस्त करायला असायचे, ती मरायला. युनिट तिला मावशी म्हणायचं. चादर हलता कामा नये, एवढंच तिचं काम. श्वास रोखून धरण्यात तिच्यासारखं कोणी नव्हतं.

"पडून राहायचे पैसे मिळतात मला," ती हसायची. "घरी फुकट पडते, तर डोळा लागत नाही."

तरुणपणी रात्रीच्या शूटिंगला जागं राहावं म्हणून कोणीतरी तिला पहिली सिगरेट दिली होती. ती शूटिंगं संपली. जागरण आणि सिगरेट तेवढी राहिली.

ती जनरेटरच्या मागे उभी राहून ओढायची. पुरुष चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर. त्यांनी ओढली की टेन्शन, हिने ओढली की कॅरेक्टर वाईट.

"तूही समोर ओढ ना," मी चिडून म्हणाले.

"तुझं बरं आहे गं. तुला उद्या परत बोलावतील."

सिगरेट सोड, झोप सुधारेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने सोडली. पण सोडल्यावर होती तेवढी झोपही गेली, हात थरथरू लागले, आणि अंगावरची चादरही. थोडे दिवस सुट्टी घे, मी म्हणाले. रोजावर मरणाऱ्या बाईला सुट्टी कोण देतं? संध्याकाळी ती पुन्हा जनरेटरमागे ओढताना दिसली.

मग एका दुपारी, मालिकेतली सून प्रेतावर डोकं टेकून रडत असताना चादरीखालून घोरणं ऐकू आलं.

"मुडदा घोरतोय रे," लाइटवाला म्हणाला. सगळं युनिट हसलं. असिस्टंट डायरेक्टरने तिचा पाय हलवला. "ए मावशी, झोपायला येतेस काय इथे?"

ती उठून बसली. केस विस्कटलेले, चादर मांडीवर. तिचा एवढा सुखी चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"झोप लागली गं मला," ती मला म्हणाली. "खरंच लागली."

मग तिला खोकला सुरू झाला, तो थांबेना.

"तासभर झोपू दे तिला," मी असिस्टंटला म्हणाले. "तोवर दुसरा सीन घेऊ."

"ही काय धर्मशाळा आहे?" म्हणत त्याने फोन काढला. दुसरी बाई पाठवा, एवढंच बोलला.

मावशी पुन्हा युनिटवर आली नाही. अर्धा राहिलेला सीन दुसऱ्या दिवशी पुरा झाला. चेहरा झाकलेलाच होता, त्यामुळे काही अडलं नाही. सून तेच रडणं पुन्हा रडली. तो भाग तुम्ही पाहिला असेल. चादर जराही हलत नाही.