मुरलेला पेंढा

गिरणीतली कापसाची धूळ छातीत बसली आणि बाबांची नोकरी सुटली. तेव्हापासून आमचं घर उन्हाळ्यातल्या आंब्यावर चालायचं. आई अंधेरी स्टेशनबाहेरच्या बाजारात पाटी घेऊन बसे. कच्चा हापूस आणायचा, आमच्या एकाच खोलीत पेंढ्यात आढी लावून पिकवायचा आणि विकायचा. त्या आढीला टेकून आम्ही झोपत असू, आणि बाबा खोकत.

पेंढा गावचा, बाबांनी मळणीनंतर स्वतः बांधून आणलेला. आई दर वर्षी तोच वापरी. "मुरलेलो पेंढो ऊब धरता," म्हणे.

मी इंटर सायन्सला होते त्या वर्षी आंबे देठाकडून काळे पडू लागले. वरून पिवळेधमक, दोन दिवसांत देठाशी बसलेले, आत पाणी. एका बाईंनी कापलेला आंबा आईच्या पाटीत आणून टाकला. "हे काय आम्ही खायचं?" शेजारची केळीवाली हसली, "मावशी, तुझ्या आंब्यांना सुतक लागलंय."

आईने पाटी उचलली. घरी येऊन तिने आढीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. आणखी एक आढी गेली असती तर तिचं बाजारात बसणं संपलं असतं, आणि माझं कॉलेजही.

कॉलेजला सुट्टी लागायच्या आधी मी काळा पडलेला देठ आणि पेंढ्याच्या चार काड्या कागदात बांधून प्रयोगशाळेत नेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत सारखेच काळपट तंतू दिसले. सर म्हणाले, "बुरशी आहे. पेंढ्यात वर्षभर जगते, आणि तुम्ही तिला दर वर्षी नवे आंबे देता."

"आई त्याला मुरलेला म्हणते."

"मुरली आहे ती बुरशी."

पेंढा जाळायला हवा असं घरी सांगितलं तेव्हा आई भडकली. "तुझ्या बापाशीन बांधलेलो पेंढो जाळू? चार बुका शिकलंस म्हणान?"

बाबा भिंतीला टेकून म्हणाले, "जाळ गो. कूज लागलेलो एक घरात आसा, तो पुरे."

भर दुपारी अंगणात मी तो जाळला. मरोळच्या एका गोठ्यातून नवा पेंढा आणला, पाट्या घासून उन्हात टाकल्या. पुढच्या आढीतले थोडे आंबे गेलेच, बाकीचे नीट पिकले. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पुढचा उन्हाळा बाबांनी पाहिला नाही.

आईची बाजारातली जागा टिकली. वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले. आमच्या कुळात त्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं.