सागाच्या ढोलीतली बाळंतीण

कापसाला कोणी भाव देईना, त्या वर्षांत मला वनरक्षकाची नोकरी लागली. राळेगावच्या आमच्या घरात सगळे आठवडाभर उगाचच हसत होते. बाबांनी माझ्या खाकी शर्टाला स्वतः इस्त्री केली, तीही दोनदा.

पहिलं मोठं काम पांढरकवड्याकडच्या जंगलात होतं. हिवाळ्यात तोडायच्या सागांवर उन्हाळ्यातच गेरूचा पट्टा ओढायचा आणि हातोड्याने सरकारी ठसा मारायचा. सोबत निवृत्तीला आलेले वनपाल होते. मी इतकी खुशीत होते, की झाडांचे नंबर गाण्यासारखे म्हणत होते.

एका जाडजूड सागावर पट्टा ओढून हातोडा उचलला, तोच मोहफुलं वेचणारी एक कोलाम आदिवासी आजी म्हणाली, "पोरी, त्याले नको मारू. आत बाळंतीण हाय."

मी हातोडा टाकून झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "कुठं आहे? दवाखान्यात काहून नाही नेली?"

आजी पदर तोंडाला लावून मटकन खालीच बसली. हसू आवरल्यावर तिने वर बोट केलं. उंचावर ढोली होती, चिखलाने लिंपलेली, मधे बोटभर फट. धनेश पक्ष्याची मादी स्वतःला आत कोंडून अंड्यांवर बसली होती. तेवढ्यात नर उंबराची फळं घेऊन आला आणि फटीतून चोच बाहेर आली. मी वर बघत मागे सरकले ती थेट गेरूच्या बादलीत बसले. मग वनपालही हसत सुटले.

"तीस वर्षं झाडं मोजून राह्यलो," ते म्हणाले, "पण झाडाखाली कधी बसलोच नाही." आम्ही तिथेच डबे सोडले.

आजीसोबत मोहफुलं वेचायला आलेला तिचा मुलगा मात्र काळजीत पडला. "हे झाड ठेवा साहेब, पण तोडणी बंद नका करू. कापसात काही उरलं नाही. हिवाळ्यात आमाले हेच काम हाय."

दुपारी रेंजर साहेब जीपने आले. माझी लाल पँट बघूनही त्यांनी चेहरा सरळ ठेवला. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ वर बघत राहिले.

"जुनी झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, म्हणून ती किती राखली, अशी आता वरच्या ऑफिसातूनही विचारणा होते," ते म्हणाले. "सरळ साग कापून कोणाच्या घराचं दार झालं, तर तोही कार्बन दारात राहतो. पण या पोकळ खोडाचं दार होणार नाही. ते उभं राहिलं तर आपलं काय जातं?"

ठरलं असं, की ढोलीची झाडं आणि नाल्याकाठचे उंबर ठेवायचे, दाटीतले सरळ साग तोडायचे. मी रुमालाने तो पट्टा इतका घासला, की वनपाल म्हणाले, "पोरी, साल तरी ठेव."

हिवाळ्यात तोडणी झाली. आजीच्या मुलाला काम मिळालं. काही चांगले साग पडताना मला वाईटही वाटलं. पुढच्या उन्हाळ्यापासून खुणांआधी ढोल्या शोधायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. दिवसभर वर बघून मान आखडायची. घरी आई तेल चोळायची आणि मी पालथी पडून तिला प्रत्येक ढोलीत कोण राहतं ते सांगत असायचे.