विमान कुणाकडं हाय?

माझे वडील विहिरी खणत. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या तळाशी आपला घाम आहे असं ते सांगत, आणि त्यात निम्मी तरी थाप असे. एका बाबतीत मात्र ते कधी थापा मारत नसत. विहिरीत एक माणूस खाली, दुसरा वर दोराशी. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. पाटी दगडांनी भरली की खालचा ओरडणार, "वढा!" वरचा आधी म्हणणार, "वढतो!" आणि मगच दोराला हात लावणार. "बोल परत आल्याबिगर हात हलवायचा न्हाई," वडील म्हणत. "मग वर मामलेदार का उभा असंना."

हे सांगायचं कारण, विमान शिकताना मी हेच करायला गेलो आणि शिव्या खाल्ल्या.

तीस सालानंतरचा एक हिवाळा. मी मुंबईत विमानांच्या एका क्लबात मेकॅनिक होतो आणि हट्टानं उडायलाही शिकत होतो. त्या थंडीत क्लबनं आमच्याच ओतूरजवळच्या माळावर पंधरा दिवस तंबू ठोकले. लोक गाड्या जुंपून बघायला येत. विमानात उघड्या दोन बैठका, एकामागे एक. पुढे शिकवणारे गोरे साहेब, मागे मी. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, खालून जोडलेले. एक हलला की दुसरा हलणारच. बोलायला रबराची नळी, तिचं टोक कानटोपीत. इंजिनाच्या गोंगाटात निम्मं कानात यायचं, निम्मं वाऱ्यावर जायचं.

साहेब लढाईत विमानं उडवून आलेले. हाताचे पक्के, डोक्याचे गरम. ते म्हणाले, "दांडा तुझ्याकडे." मी म्हणालो, "दांडा माझ्याकडे." चारदा असं झाल्यावर खाली उतरून ते सगळ्यांसमोर कडाडले, "मी पोपट शिकवत नाही. सांगितलं की ऐकायचं, परत बोलायचं नाही. मी दांडा हलवला की समजायचं, मी घेतला."

"साहेब, आमच्याकडे विहिरीत..."

"इथे विहीर नाही."

सगळे हसले. मला राग आला तो माझाच, कारण मी गप्प बसलो. गुरूला उलट बोलायचं नाही, हे आमच्याकडचं बाळकडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुणे-नाशिक रस्ता धरून पेठ गावापर्यंत गेलो आणि वळलो. येताना दांडा माझ्याकडे होता. लेण्याद्रीचा डोंगर दिसू लागला, तेव्हा दांडा माझ्या हातात जरासा हलला. साहेबांनी घेतला असं समजून मी सोडून दिला. बोललो नाही. बंदी होती ना!

विमान हळूहळू डोंगराकडे झुकत गेलं. मी खूश. लेणी मी पायऱ्या चढून पाहिलेली, वरून कोण दाखवतो? काल पोपट म्हणाले आणि आज गणपतीचं दर्शन घडवतायत, साहेब मोठ्या मनाचे निघाले! लेण्यांची काळी तोंडं मोजता येऊ लागली. मी चक्क दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मग पायऱ्यांवरची माणसं दिसली. एक बाई पोराला पोटाशी धरून मटकन खाली बसली. एकानं पागोटं दाबून धरलं होतं. त्यांच्यातलं कुणीही देवाकडे बघत नव्हतं. मी पुढे पाहिलं, तर साहेबांनी फडफडणारा नकाशा दोन्ही हातांनी वर धरलेला.

माझं इंग्रजी कुठल्या कुठे पळालं. "विमान कुणाकडं हाय?" मी नळीत बोंबललो. "मी घेतलं!" म्हणून दांडा उजवीकडे रेटला. विमान कलंडलं आणि डोंगर डाव्या पंखाच्या बाजूनं निघून गेला.

माळावर उतरल्यावर उलगडा झाला. नकाशा उघडताना साहेबांचा गुडघा दांड्याला लागला होता. पुढचं सगळं मीच चालवतोय असं ते समजत होते. पोरगा आपल्या देवापुढे मिरवतोय, मिरवू दे, असं त्यांना वाटलं.

तंबूत क्लबच्या सेक्रेटरीनं इंग्रजीत कागद तयार ठेवला होता: शिकाऊ माणसानं निष्काळजीपणे दांडा सोडला. "सही कर, म्हणजे लायसन्सचं बघता येईल. नाहीतर विसर." साहेब दाराशी सिगारेट ओढत उभे होते.

तीन वर्षं मी दुसऱ्यांची विमानं पुसली होती ती त्या लायसन्ससाठी. ते हातात आलं की पहिल्यांदा वडिलांना वर न्यायचं, हे मी त्यांना कबूल केलं होतं. जन्मभर खाली उतरलेल्या माणसाला एकदा वरून तालुका दाखवायचा होता. माझा हात सहीकडे गेलाही. मग डोक्यात तिडीक गेली. मी कागद उलटा केला आणि मराठीत लिहिलं: "मी दांडा सोडला. साहेबांनीही धरला नव्हता. परत बोलायची मला बंदी होती, म्हणून दोघांनाही कळलं नाही." खाली सही ठोकली.

"हे काय लिहिलंस?" सेक्रेटरीला मराठी येत नव्हतं.

मी इंग्रजीत सांगितलं. मग तंबूबाहेरच्या लोकांसाठी मराठीत मोठ्यानं वाचलं.

"लई बेस केलं, भाऊ!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

साहेब आत आले. सिगारेट विझवली, पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. त्यांनाही मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

सेक्रेटरीनं दात धरला. लायसन्स दीड वर्ष रखडलं, आणि वडील तेवढे थांबले नाहीत. त्यांना वर न्यायचं राहिलं ते राहिलंच. मला ते आजही डाचतं. तरी तोच कागद पुन्हा पुढ्यात ठेवा, मी पुन्हा उलटा करीन.