टाकीतलं चांदणं

आमच्या लातूरच्या घरात मासे हौसेनं आले नव्हते. भूकंपात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, गाव गेलं. आजी गेली, धाकटी आत्या गेली. जमिनीआधी पाणी हलतं, मासे बिथरतात, असं अण्णांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. म्हणून बाहेरच्या खोलीत माशांची काचेची टाकी. नळाला पाणी नाही आणि ह्यांचे मासे पोहतायत, असे टोमणे गल्लीतून यायचे.

त्या गल्लीत घरोघर क्लाससाठी आलेली पोरं भाड्यानं राहत होती, थेट भोकर-उमरीकडची. मीही डॉक्टरकीच्या त्याच घाण्याला जुंपलेली. माझी गादी टाकीला लागून. अण्णा रात्री उठउठून पाणी बघायचे आणि अंधारात ते दिसत नाही म्हणून टाकीच्या झाकणातली ट्यूब रात्रभर चालू. काच शेवाळानं हिरवी झाली, माशांचे रंग उडाले, एकेक मरू लागला. मला माशांपेक्षा स्वतःच्या झोपेची काळजी जास्त होती, उगाच भूतदयेचा आव कशाला आणू?

मासे विकणारे चाचा म्हणाले, "बेटी, मासळीला बी रात लागते. झाकणात निळे एलईडी लाव. चांदण्यावानी उजेड पडतो. पाणी बी दिसतंय, मासे बी निजतेत."

मी झाकण उलटं केलं, कोरडं पुसलं आणि ट्यूबच्या शेजारी एलईडीची पट्टी चिकटवली. पाण्याच्या वाफेनं खराब होऊ नये म्हणून वरून सिलिकॉन फासलं, अडॅप्टर जोडला, वेगळं बटण दिलं. एवढं फिजिक्स घोकलं, त्याचा झालेला हा एकमेव उपयोग. दिवेलागणीला ट्यूब बंद करून पट्टी लावली. पाणी निळसर उजळलं. अण्णा वाकून बघत राहिले.

"बेस हाय. पाणी दिसायलंय," ते म्हणाले. आता घरातले सगळेच झोपणार, या विचारानं मला फार आनंद झाला.

रात्री नाकाशी बोटं लागली आणि मी दचकून जागी झाले. अण्णा माझा श्वास बघत होते.

"त्या रातीला बी असंच चांदणं होतं," ते म्हणाले. "तुझी आत्या लगेच सापडली. तोंडाला खरचटलेलं सुदिक न्हाई. मला वाटलं, झोपलीय. अंगावर चादर टाकली अन् मायला काढायला गेलो."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी पट्टीचं बटण बंद करायला उठले, तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. मासे मरतेल. तू झोप, माय. फकस्त जरा हलत ऱ्हा."

पट्टी तशीच राहिली. मासे जगले, रंगही परतले. अण्णांची पावलं वाजली की मी कूस बदलायचे.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तू झोपेत फार हलतेस, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार असते.