चाकातलं खुळ्ळ-खुळ्ळ

नलूचं लग्न मी यादीवर खुणा करत करत पार पाडलं. शेवटचा मुद्दा ‘पाठवणी’ होता आणि त्यावर खूण केल्यावर करायला काही उरलंच नाही.

पाठवणीच्या गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवतात. एकाच चाकाखाली ठेवला तर गाडी कलंडेल, म्हणून मी चारही चाकांखाली ठेवले! (याला नियोजन म्हणतात.) तोफा उडाल्यासारखे चार बार झाले, भटजींचं धोतर भिजलं, आणि पोरीला करमाळ्याला सासरी पोचवून मी एकटाच सोलापूरला परतलो. नलूची आई असती, तर वाटभर माझ्या ड्रायव्हिंगवर बोलली तरी असती.

बोलली ती गाडीच! सात रस्ता चौकात वेग कमी केला आणि चाकातून आलं: खुळ्ळ-खुळ्ळ! वेगात गप्प, ब्रेक दाबला की खुळ्ळ-खुळ्ळ. म्हणजे दोष ब्रेकचा. पुढचे ब्रेक नवे बसवले. तरी खुळ्ळ-खुळ्ळ!

रविवारी नलूला माहेरपणाला आणायचं होतं. (सासरहून परवानगी दोनच दिवसांची.) असली गाडी घेऊन व्याह्यांच्या दारात जायचं कसं? शेजारच्या मल्लप्पाअण्णांना शेजारी बसवलं. जन्मभर मिलमध्ये मागावर काम केलेला माणूस, आवाज लगेच ओळखणार! (त्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत, हे मी विसरलोच.)

“येतोय का आवाज, अण्णा?”

“आँ?”

“आवाज!”

“कुटं? लई शांत हाय की गाडी!”

“खुळ्ळ-खुळ्ळ!” भर चौकात मी त्यांच्या कानात ओरडलो.

“पुना करा बगू.”

केलं. टांगेवाले थांबून बघू लागले.

“ह्यो ब्रेक न्हाय,” अण्णांनी निकाल दिला, “तुमचं पोट बिगडलंय!”

घरी येऊन वैतागानं मागच्या चाकाची झाकणी उचकटली. आतून खोबऱ्यासकट करवंटीचे तुकडे घरंगळले. अण्णांनी एक उचलून हुंगला.

“खवाट झालंय. चाकात कुणी ठिवलं हो?”

मी यादी काढली आणि ‘पाठवणी’वरची खूण खोडली.

रविवारी निघालो, तर गाडी अगदी मुकी. रिकामं घर परवडलं, अशी. टेंभुर्णीपर्यंत कसंबसं सोसलं. मग मीच तोंडानं खुळ्ळ-खुळ्ळ सुरू केलं. जरा सोबत झाली.

व्याह्यांच्या दारात नव्या ब्रेकनं गाडी झोकात थांबली. मी मात्र थांबलो नाही.

नलू धावत आली. “बाबा, चाक वाजतंय का हो?”

“छे गं, चाक दुरुस्त केलंय. खुळ्ळ-खुळ्ळ.”

व्याही पायरीवरून खाली उतरले.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “महिनाभर राहूनच या. बिघाड मोठा दिसतोय!”